लसभांडाराला काहीही देऊ नये

लिहून ठेवणार मी, जिल्हा लसभांडाराची निवृत्त भांडारपाल, वय वर्षे एकाहत्तर, खात्यात आणि गल्लीत 'बर्फबाई' म्हणून ओळखली जाणारी. आज माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो आहे, पण तो वयाने. कोणी धरलेला नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचे काही कारण नाही. हे त्या तीनदा म्हणाल्या, म्हणून मी आजच लिहायला बसले.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. हे तसे वाचू नये. उद्या, सोमवारी, सकाळी अकरा वाजता जिल्ह्याच्या अर्थसमितीची बैठक आहे आणि पुढच्या वर्षी लसींना पैसे द्यायचे की नाही हे तिथे ठरणार आहे. त्याआधी हे वाचले गेले पाहिजे. नंतर वाचले तर त्याचा उपयोग फक्त रद्दीवाल्याला.

कलम पहिले. अकरा वर्षांपूर्वी, माझ्या निरोपसमारंभात, मी व्यासपीठावरून जाहीर केले होते की माझ्यामागे माझे घर आणि शिल्लक जिल्हा लसभांडाराला जावी. तसे मृत्युपत्रही केले. टाळ्या पडल्या, आणि त्या मला आवडल्या हेही कबूल करते. ते मृत्युपत्र मी आज रद्द करत आहे. त्याच्या प्रती ज्यांच्यापाशी असतील त्यांनी फाडून टाकाव्यात. वित्त विभागाच्या फायलीत लावलेली प्रत सर्वांत आधी फाडावी.

कलम दुसरे. माझे राहते घर, म्हणजे खाली एक खोली व स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, हे सर्व मी माझ्या एकुलत्या एका मुलाला पूर्ण मालकीने देते. तो वित्त विभागात अंदाजपत्रकाच्या टेबलावर अधिकारी आहे. जिन्याची चौथी पायरी सैल आहे, ती त्याने आधी बसवून घ्यावी. घराला अट एकच. हे घर, त्याचे भाडे किंवा ते विकून येणारी रक्कम यांतली फुटकी कवडीही त्याने लसभांडाराला, लसींना, डिझेलला किंवा त्या खात्याच्या कुठल्याही कामाला देऊ नये. दिल्यास घर त्याच्याकडून जाऊन सुनेच्या नावे होईल.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली. जिने तीस वर्षे त्या भांडारात हाडे गोठवून घेतली, तीच त्याच्या तोंडचे काढून घेते आहे. म्हणून पुढचे कलम सावकाश वाचावे.

कलम तिसरे. यात देण्यासारखे काही नाही. यात माझी चूक आहे.

आमच्या भांडारात तीन शीतकपाटे होती. लस दोन आणि आठ अंशांच्या मध्ये ठेवावी लागते. फार तापली की ती मरते, आणि काही लसी गोठल्या तरी मरतात. मेलेली लस दिसायला अगदी चांगल्या लसीसारखीच असते, हीच त्यातली भीती. त्यामुळे सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला तापमापक वाचायचा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. वीज गेली की जनरेटर लावायचा आणि जनरेटरला डिझेल घालायचे. त्या डिझेलला अंदाजपत्रकात तरतूद होती. मी बिल पाठवले की ते शेरा मारून परत यायचे. एकदा शेरा आला, 'वाहन किती किलोमीटर चालले?' मी लिहिले, जनरेटर जागचा हलत नाही. त्यावर उत्तर आले, 'जागच्या न हलणाऱ्या वाहनास इंधन कशासाठी?'

मी कंटाळले. वाद घालण्यापेक्षा डिझेल स्वतःच्या पगारातून भरू लागले आणि बिल पाठवणेच सोडून दिले. दोन वर्षे असे चालले. ज्याला त्याला माझे कौतुक. फक्त माझा नवरा, जो शीतकपाटे दुरुस्त करायचा आणि त्याच कामासाठी पहिल्यांदा आमच्या भांडारात आला होता, तो म्हणाला, "तू भरतेयस ना? मग ते कशाला भरतील?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याचे बरोबर होते, हे तो असेपर्यंत माझ्या तोंडून निघाले नाही. आता लिहून ठेवते.

वर्षअखेरीला वित्त विभागाने पाहिले की भांडाराचा डिझेलवरचा खर्च शून्य. ज्यावर खर्च होत नाही त्याला तरतूद कशाला? पुढच्या वर्षीची तरतूदही शून्य झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते लेखाशीर्षच, म्हणजे त्या खर्चाची ओळच, कागदावरून गेले. कोणी चोरी केली नाही, कोणी लाच खाल्ली नाही. मला पत्तासुद्धा लागला नाही, कारण मी बिलच पाठवत नव्हते.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. मी रुग्णालयात पडून होते तेव्हा तीन दिवस वीज नव्हती. माझ्या जागी आलेल्या माणसाने डिझेलसाठी पैसे मागितले. उत्तर मिळाले, असे शीर्षच नाही. त्याने वित्त विभागाला चार वेळा फोन केला, त्याला मी दोष देत नाही. चौथ्या दिवशी कपाटांत एकोणीस अंश होते. सगळा साठा खड्ड्यात पुरावा लागला. नवा साठा मागवायला पुन्हा मंजुरी, पुन्हा शेरे. साडेचार महिने जिल्ह्यात गोवराची लस नव्हती, आणि गोवर काही मंजुरीसाठी थांबला नाही. चौदा मुले गेली. हा सरकारी आकडा.

त्यातली एक आमच्या चालकाची. दर बुधवारी भांडाराची गाडी घेऊन लसपेट्या गावोगाव पोचवायचे काम त्याचे. त्याच्या मुलीला नऊ महिने पूर्ण झाले, लस टोचायचे वय झाले, तेव्हा त्याच्या गाडीतल्या पेट्या रिकाम्या होत्या. मी कुबड्या घेऊन त्याच्या दारात गेले. तो गाडी धूत होता. मी म्हटले, "हे माझ्यामुळे झालं." तो म्हणाला, "बाई, आत बसा, उन्हात उभ्या राहू नका." आणि तो पुन्हा गाडी धुऊ लागला. मला त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

कलम चौथे. यात या मृत्युपत्राचे कारण आहे.

त्या वर्षानंतर परदेशी निधी आला. कपाटे, लसी, डिझेल, सगळे त्यांनी उचलले. अट रास्त होती : दरवर्षी त्यांचा वाटा थोडा कमी, आमचा थोडा जास्त, आणि पंधराव्या वर्षानंतर त्यांनी निघून जायचे. सरत्या वर्षाअखेर बारा वर्षे पुरी होतात. आतापर्यंत आमचा वाटा रडतखडत का होईना, तिजोरीतून गेला. उरलेल्या तीन वर्षांत तो निम्म्याच्या वर जातो, आणि इथेच सगळ्यांचे हात आखडले.

गुरुवारी संध्याकाळी मुलगा व सून आले. मुलाने बसल्या बसल्या एक कागद पुढे केला.

"आई, यावर सही कर. सोमवारी समितीपुढे ठेवायचाय."

ते संमतीपत्र होते. मी माझे घर आजच भांडाराच्या नावे करते, मरेपर्यंत राहण्याचा हक्क तेवढा माझा. त्याला जोडून माझ्या जुन्या मृत्युपत्राची प्रत, आणि त्यावर मुलाच्या अक्षरात टिपणी : 'पुढील तीन वर्षांचा स्थानिक वाटा आश्वासित देणगीतून भागत असल्याने तरतूद शून्य प्रस्तावित.'

"शून्य?" मी विचारले.

"अगं, पैसे नाहीतच. पगार भागवताना नाकी नऊ आलेत. मी कुठून आणू?"

"गावाच्या तोंडाशी कमान बांधताय, तिला आहेत."

"कमान वेगळ्या शीर्षातली आहे."

"तेच म्हणतेय मी. तिला शीर्ष आहे."

तो हसला नाही. "तुझ्या घरातून तीन वर्षं निघतात. मी नीट मांडून बघितलंय."

"आणि चौथ्या वर्षी?"

"चौथ्या वर्षाचं चौथ्या वर्षी बघू."

"चौथ्या वर्षी परदेशी निधी नसेल. माझं घर संपलेलं असेल. मागची तीन वर्षं तिजोरीचा खर्च शून्य दिसेल. तेव्हा तुझ्या खुर्चीत जो बसेल तो काय लिहील, सांग."

त्याने पेनाचे टोपण काढून पेन कागदावर ठेवले. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग मी जे बोलायला नको होते ते बोलले.

"मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. तुझ्या मांडणीत ते बरं बसतंय."

तो ताडकन उठला. "माझं घर जातंय, आई! माझं! मी त्यावर पाणी सोडतोय, तेही तुझ्याच भांडारासाठी. आणि तू मला हे ऐकवतेस?"

तो खरे बोलत होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार असे मी त्याला म्हणणार होते, पण म्हटले नाही, कारण तो स्वतःच्याच जिवावर उदार झाला होता. जसा मी डिझेलचा डबा भरत होते तसाच. वाद नको, मंजुरी नको, माझ्याकडचे घ्या आणि पोरांना टोचा. चांगुलपणात तो माझ्यावर गेला, आणि चुकीतही.

मुला, हे वाचशील तेव्हा एवढे ध्यानात ठेव. मंगळवारच्या ऑपरेशनवरून बोलले ते वाक्य मी मागे घेते आणि तुझी माफी मागते. बाकीचे एक अक्षर मागे घेत नाही. घर तुला देते आहे ते बक्षीस म्हणून नाही, शिक्षा म्हणूनही नाही. ते तुझ्या टिपणीखालून काढून घेण्याचा दुसरा रस्ता मला दिसला नाही. लोक म्हणतील, टिपणी लिहिणाऱ्यालाच घर मिळाले. ते तुला ऐकून घ्यावे लागेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी तरी कोणाला सांगू?

आमची तिजोरी गरीब आहे, हे मी नाकारत नाही. श्रीमंत देशाची अर्थसमिती आणि आमची, यांत जमीनअस्मानाचा फरक. पण गरीब घरातही आधी मीठ येते आणि मग पडदे. यादीत लस आधी येईल की नंतर, एवढाच प्रश्न आहे, आणि दरवेळी कोणीतरी दयाळू माणूस मध्ये पडला की समितीला त्याचे उत्तर द्यावेच लागत नाही.

कलम पाचवे. बँकेतली माझी शिल्लक सुनेला. गुरुवारी तिचा नवरा तावातावाने निघून गेल्यावर ती मागे थांबली, संमतीपत्र टेबलावरून उचलले, चार घड्या घालून पर्समध्ये टाकले आणि म्हणाली, "आई, हा कागद मला सापडत नाहीये." आमचे तिचे बावीस वर्षांत फारसे पटले नाही. तिला माझे बोलणे तिखट लागते आणि मला तिचा चहा पाणचट लागतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तरीही शिल्लक तिलाच.

कलम सहावे. 'निःस्वार्थ सेवाभावाबद्दल' असे कोरलेले पितळी सन्मानचिन्ह त्या वेळच्या मोठ्या साहेबांना परत द्यावे. मी पदरमोड करते म्हणून ते त्यांनी मला दिले होते. डिझेलच्या बिलांवरच्या शेऱ्यांखाली सहीही त्यांचीच होती. ते हयात आहेत आणि सकाळी बागेत फिरायला येतात, पत्ता शोधायची गरज नाही.

कलम सातवे. नवऱ्याची हत्यारे, म्हणजे वायूचा दाब मोजायचे मीटर, तांब्याची नळी कापायचे कटर आणि झाळणीची बत्ती, समोरच्या फ्रिज दुरुस्तीवाल्याला द्यावीत. गेली सहा वर्षे तो ती मागतो आहे आणि मी 'बघू' म्हणते आहे. बघितले.

कलम आठवे. भांडारात आता जी मुलगी भांडारपाल आहे तिला माझी लोकरी टोपी, हातमोजे आणि पुढील सूचना. डिझेलचा थेंबही स्वतःच्या पैशाने घालू नकोस. बिल पाठव. परत आले तर उत्तर लावून परत पाठव. पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस. लोक तुला कटकटी म्हणतील. मला देवमाणूस म्हणायचे, आणि त्याचे काय झाले ते तू वर वाचलेच आहेस.

कलम नववे. (येथील पाच ओळी खोडल्या आहेत. खोडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.)

या ओळी का खोडल्या ते लिहिणे भाग आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की आत काही काळेबेरे होते.

साक्षीदार म्हणून मी त्याच चालकाला बोलावले. खरे तर त्याला काहीतरी द्यावे असे माझ्या मनात होते, पण वकिलाने सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, दोन्हींपैकी एकच. मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मग साक्षीदारच करा." आज दुपारी तो आला, चष्मा लावून सगळे वाचले आणि नवव्या कलमापाशी थांबला. ते कलम वाचायच्या आधी त्याने एकच प्रश्न विचारला, जो मी चार दिवस स्वतःला विचारते आहे.

"बाई, हे वाचूनही त्यांनी शून्यच लिहिलं तर? मधल्या पोरांचं काय?"

 माझ्यापाशी होते ते उत्तर नवव्या कलमात लिहिले होते : समितीने तरतूद केली नाही, तर माझ्या शिल्लकीतला निम्मा भाग सुनेने गुपचूप चालकाकडे द्यावा, आणि त्याने कोणालाही न सांगता भांडाराची नड भागवावी. म्हणजे वर आठ कलमे शहाणपण आणि नवव्यात पुन्हा डिझेलचा डबा. मला वाटले होते, निदान हा माणूस तरी त्याला हो म्हणेल. ज्याचे गेले आहे तो नाही कसा म्हणेल?

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "खोडा."

मी म्हटले, "अरे, गोवर आला तर?"

"तर तो त्यांच्या नावावर येऊ दे. तुमच्या नाही, माझ्या नाही. खोडा बाई."

मी खोडले. मला भीती वाटते. हे लिहिताना वाटते आहे आणि ऑपरेशनची भूल देईपर्यंत वाटणार आहे. उद्या समितीने शून्य लिहिले आणि एखादे मूल गेले, तर त्यात माझाही हात असेल, कारण देण्यासारखे माझ्यापाशी होते आणि मी दिले नाही. हे मला ठाऊक असूनही मी देत नाही. कोणी विचारले तर हेच उत्तर सांगावे, सारवासारव करू नये.

कलम दहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी. याची एक प्रत चालकाने उद्या बैठकीआधी समितीच्या अध्यक्षबाईंच्या हातात द्यावी. ती प्रत म्हणजे माझ्याकडून लसभांडाराला कोणतीही देणगी नाही, आज नाही आणि माझ्यामागेही नाही, याचा लेखी पुरावा समजावा. मी ऑपरेशनमधून वाचले तर मृत्युपत्र बदलण्यासाठी माझी मनधरणी करायला कोणी येऊ नये.

वरील सर्व मी माझ्या हाताने लिहिले, स्वतः मोठ्याने वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत प्रत्येक पानावर सही केली.

ठिकाण : माझे राहते घर, खालची खोली
दिनांक : बावीस फेब्रुवारी, रविवार, दुपारी सव्वाचार
सही : निवृत्त भांडारपाल, जिल्हा लसभांडार

साक्षीदार पहिली : मी या गल्लीत दवाखाना चालवते. बाईंना मी आज तपासले आहे. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, नाडी जलद आहे, समज चांगली आहे. त्यांनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर केली.
सही : डॉक्टर

साक्षीदार दुसरा : मी चालक. बाईंनी सही केली तेव्हा मी समोर होतो. नवव्या कलमात माझ्याकडे पैसे ठेवायचं लिहिलं होतं. ते मीच खोडायला लावलं. बाईंनी लिहिलंय की त्यांचा हात असेल. तसं असेल तर माझाही धरा. घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही, आज जाऊन सांगणार आहे.
सही : चालक